पाचवा तुकडा

सुरुंगाच्या टोळीत बार मोजणारा माणूस घण उचलत नाही, पहार मारत नाही, पाटी भरत नाही. काठावर उभा राहतो आणि ऐकतो. बघणाऱ्याला वाटतं, हा फुकट खातो. मच्छिंद्रलाही पहिले चार दिवस तसंच वाटलं होतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. येरमाळ्यापासून सहा मैलांवरच्या त्या गावात पिण्याचं पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून येई. गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, टंचाईची विहीर धरली होती. पंचवीस फूट मुरूम हातानं निघाला. त्याखाली काळा पाषाण लागला आणि पहार ठण्ण करून परत येऊ लागली. तेव्हा जळकोटहून महांतप्पाला बोलावलं.

महांतप्पा पन्नाशीचा. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. तीस वर्षं सुरुंग उडवून त्याचे कान गेले होते. उजवा पूर्ण, डावा बराचसा. बार उडाला की त्याला तळपायांत धक्का कळे. पण दोन बार लागोपाठ झाले, तर धक्के दोन की एक, हे कळत नसे. आणि त्या धंद्यात तेवढंच कळावं लागतं. पाच भोकं पाडली, पाच वाती पेटवल्या, तर बार पाच व्हायला पाहिजेत. चार झाले तर एक खाली जिवंत आहे. त्याच्यावर ज्याची पहार पडेल, तो माणूस पहारीसकट वर येईल.

म्हणून महांतप्पाला दुसऱ्याचे कान लागत. टोळीत मच्छिंद्र तेवढा शिकलेला. वय बावीस, मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास.

"मोज," महांतप्पा म्हणाला. "वरडू नको. तोंड नीट हलीव. म्या तुझं तोंड बघतो."

मच्छिंद्रनं पहिल्या दिवशी एक, दोन, तीन असं मोजलं. महांतप्पाला ते पटलं नाही.

"तीन म्हणला का चार?"

"तीन, अप्पा."

"तुझं तोंड सारखंच दिसतंय. आन आकड्याला शेवट न्हाय बघ. चार झालं तर चारातच थांबायचं व्हतं का पाचात, तोंडावरनं कसं कळंल? मला असलं काय तरी दे, की अर्धं राहिलं तर अर्धं दिसंल."

असलं काही मच्छिंद्रच्या पिशवीतच होतं. शाळेतल्या मास्तरांनी बदली होऊन जाताना दिलेली डिक्शनरी. तो ऑक्टोबरच्या परीक्षेला परत बसणार होता. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाली की लिंबाखाली बसून तो लांब लांब शब्द पाठ करी. महांतप्पा समोर आडवा पडून त्याच्या तोंडाकडं बघत असे. एक दिवस त्यानं विचारलं, "काय चालवलंय ते?"

"शब्द फोडतोय, अप्पा. सबंध डोक्यात बसत न्हाय." मच्छिंद्रनं पुस्तक पुढं केलं. "हे ठिपकं बघा. ठिपका हाय तिथं शब्द फुटतो. दुसरीकडं फोडला तर उच्चार बी चुकतो आन स्पेलिंग बी."

महांतप्पाला अक्षर येत नव्हतं, पण ठिपके दिसत होते. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. "दगडाला बी शीर असती. शिरंवर घाव घातला तर चिरा निघतो. न्हायतर नुसता चुरा." मग त्यानं आपलं बोट मच्छिंद्रच्या हनुवटीखाली धरलं. "म्हण एखादा."

"सु. पर. व्हाय. झर."

"चार," महांतप्पा म्हणाला. त्याला ऐकू काहीच आलं नव्हतं. "हनवटी चारदा खाली आली."

मच्छिंद्रनं पुस्तकात पाहिलं. ठिपके तीन, तुकडे चार. मास्तरांनी सहा वर्षांत जे समजावलं नव्हतं, ते बहिऱ्या माणसानं एका बोटानं दाखवलं. जितक्यांदा हनुवटी पडते, तितके तुकडे.

त्या दिवसापासून टोळीत आकडा बंद झाला. जितकी भोकं, तितक्या तुकड्यांचा इंग्रजी शब्द. बार उडाला की मच्छिंद्र एक तुकडा बोलायचा आणि पुढच्या बाराची वाट बघत तोंड मिटायचा. शब्द अर्धा राहिला तर ते तोंडावर दिसायचंच. महांतप्पानं दोन नियम घालून दिले. तुकडा बाराच्या मागून, कधीच पुढून नाही. आणि शब्द रोज नवा.

"रोज नवा कशाला?" मच्छिंद्रनं विचारलं होतं.

"जिभंला वाट ठावी झाली की ती तुझ्यासाठी थांबत न्हाय."

तीन भोकं असली की हॉ-स्पि-टल. चार असली की डिक्-श-न-री. सहाला मच्छिंद्रनं रि-स्पॉन-सि-बि-लि-टी शोधून काढला, तेव्हा महांतप्पानं त्याची पाठ थोपटली. रे-फ्रि-ज-रे-टर आला त्या दिवशी टोळीतल्या बाबूनं अर्थ विचारला.

"पाणी गार करायची पेटी असती."

"आदी पाणी तर निघू दे," बाबू म्हणाला.

मच्छिंद्रचा अभ्यास त्यातच झाला. अकरा-बारा अक्षरांचा शब्द पूर्वी त्याला अंगावर आलेल्या धोंड्यासारखा वाटायचा. आता तो धोंडा फोडायचा, एकेक तुकडा वेगळा उचलायचा, त्याची अक्षरं वेगळी पाठ करायची आणि मग पाटीत ओळीनं भरायचा. स्पेलिंग चुकेनासं झालं. नव्या शब्दाला रोज पाच मिनिटं लागत. शब्द शोधायचा, ठिपके बघायचे, महांतप्पाचं बोट हनुवटीखाली धरून दोनदा म्हणून दाखवायचा. पाचच मिनिटं.

मेच्या अखेरीला तळ चाळीस फुटांखाली गेला. दगड एकसारखा लागला होता, म्हणून रोज पाचच भोकं. त्या दिवसांत ऊन असं होतं की घणाचा दांडा धरवत नव्हता. सातव्या दिवशी मच्छिंद्रनं आदल्या दिवशीचाच शब्द घेतला. इ-लेक्-ट्रि-सि-टी. गावात वीज आली नव्हती, पण शब्द तोंडात छान बसला होता.

"कालचाच?" महांतप्पानं बोट लावून विचारलं.

"पक्का झालाय, अप्पा. चुकायचा न्हाय."

महांतप्पाही दमलेला होता. त्यानं बोट काढून घेतलं. आठव्या दिवशी तोच शब्द. नवव्या दिवशी तोच.

नवव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला महांतप्पानं पाच वाती पेटवल्या, दोरावरून वर आला आणि सगळे लिंबामागं गेले. बार एकापाठोपाठ एक व्हावेत म्हणून वाती लहानमोठ्या कापलेल्या असत. सगळ्यांत लांब वात पाचव्या भोकाची. ते उत्तरेच्या कडेला होतं.

पहिला बार उडाला. इ. सहा श्वास गेले. दुसरा. लेक्. पाच श्वास. तिसरा. ट्रि. चौथ्याचा आवाज मोठा आला आणि समोरच्या टेकडीवर आपटून परत फिरला.

"सि," मच्छिंद्र म्हणाला, "टी."

तोंड मिटल्यावर त्याच्या ध्यानात आलं. सि आणि टी यांच्यामध्ये श्वासच गेला नव्हता. तो थांबून ऐकू लागला. विहिरीतून धूर वर येत होता. आवाज नव्हता. कदाचित दोन्ही बार एकदम उडाले असतील. कदाचित टेकडीवरून परत आला तोच पाचवा असेल. पण महांतप्पानं हनुवटी पाचदा पडलेली बघितली होती. त्यानं हात वर करून टोळीला मोकळं केलं.

त्याच वेळी कामावरचे साहेब सायकलवरून आले. पाणी लागलेलं नाही हे त्यांनी काठावरून वाकून पाहिलं. वरून हुकूम होता. विहीर बंद. उद्यापासून सगळ्यांनी पाझर तलावावर जायचं. धूर निवायच्या आत टोळी यारी उतरवायला लागली. दगड वर काढायचा तो लाकडी सांगाडाच गेल्यावर खाली उतरायचं कुणाला कारण राहिलं नाही. शेवटच्या बाराचा ढिगारा तसाच तळाला राहिला.

निघताना महांतप्पानं मच्छिंद्रच्या हनुवटीखाली बोट धरलं. "पाची गेलं?"

"गेलं, अप्पा."

महांतप्पानं बोट लगेच काढलं नाही. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, जणू काही अजून यायचं राहिलंय. मग काढून धोतराला पुसलं आणि गाठोडं उचललं.

मच्छिंद्र ऑक्टोबरला इंग्रजीत पास झाला. नोकरी लागली नाही. पुढच्या वर्षी महांतप्पा जळकोटात तापानं वारला. त्याच्या बायकोनं, महानंदानं, त्याचा घण आणि चिमटा मच्छिंद्रकडं धाडून दिला. मच्छिंद्रनं टोळी उभी केली. पुढच्या अकरा वर्षांत त्यानं चौऱ्याहत्तर विहिरी खोदल्या. एकही शब्द दोनदा वापरला नाही. वापरलेल्या शब्दावर डिक्शनरीत शिसपेन्सिलनं खूण करायचा. बारानंतर अर्धा तास कुणाला उतरू द्यायचा नाही, मजूर कितीही कुरकुरले तरी. मच्छिंद्रच्या विहिरीत माणूस मरत नाही, असं परांड्यापासून तुळजापूरपर्यंत लोक म्हणत. हे ऐकलं की तो विषय बदलायचा.

माळावरच्या त्या विहिरीभोवती तो दरवर्षी बाभळीच्या ताज्या फांद्या टाकी. जनावर पडू नये म्हणून टाकतो, असं लोकांना वाटे. त्याबद्दल त्याला चांगलंच म्हणत. कोरड्या विहिरीत एरवी पारवे राहतात. हिच्यात एकही नव्हता. खडा टाकला तर तळाला पडल्याचा आवाज येई, पण मोठ्या विहिरीत आवाज जसा घुमतो तसा तो घुमत नसे. पडला की संपला.

दुपारी एकच्या सुमाराला मच्छिंद्र तिकडून जायचं टाळी. कधी जावंच लागलं, तर त्याला खालून ऐकू येई. तरुण गळा. त्याचाच. इ. मग सहा श्वास काही नाही. लेक्. मग पाच श्वास. ट्रि. सि. आणि मग नुसतं ऊन. तो तिथं उभा राही. पाचवं येईल म्हणून किती वेळ उभा राही, ते त्यालाही कळत नसे. येत नसे. कानांत इतक्या वर्षांचे सुरुंग बसलेत, असं तो स्वतःला समजावी.

मग एका वैशाखात त्याची बायको चांगुणा सरपण घेऊन आली आणि भारा टाकता टाकता म्हणाली, "अवो, त्या वरच्या हिरीत कुणी उतरलंय का?"

"का?"

"कुणीतरी बोलतंय. एक बोल झाला की गप. मग दुसरा. चार झाले. पाचव्यासाठी म्या किती येळ थांबले, डोस्क्यावर भारा घेऊन. आलाच न्हाय."

मच्छिंद्रनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "पाचवा यायचा व्हता, हे तुला कुणी सांगितलं?"

चांगुणा विचारात पडली. तिला इंग्रजीचं अक्षर माहीत नव्हतं. "कुणी न्हाय," ती म्हणाली. "अर्धंच वाटलं मला. तुमी झोपंत बडबडता, तसलंच हाय ते."

झोपेत तो बोलतो, हे त्याला तेव्हा कळलं.

पंच्याऐंशी साली पाऊस पुन्हा गेला. तोवर गावात वीज आली होती आणि सहकारी पाणी सोसायटी निघाली होती. चेअरमन माणिकप्पा. पेठेतला दुकानदार, हिशेबी पण सरळ माणूस. सोसायटीनं ठरवलं, माळावरची विहीर आणखी वीस फूट खाली न्यायची आणि मोटर बसवायची. माणिकप्पा स्वतः मच्छिंद्रच्या दारात आला.

"तुमच्याशिवाय कुणाला देणार? तिथं सुरवात तुमीच केलती."

"मला जमायचं न्हाय, चेरमन."

"का वो? दर कमी वाटतो?"

"दराचं न्हाय. ती हीर सोडा. तिच्यात पाणी न्हाय."

"पानाड्यानं हाय म्हणून सांगितलंय."

मच्छिंद्रनं चहा सांगितला. माणिकप्पा थोडा वेळ बसला, चहा प्याला आणि गेला. दोन दिवसांनी कळलं, काम बलभीमला दिलं. बलभीम मच्छिंद्रच्या टोळीत आठ वर्षं होता. पहार धरायला, वात कापायला, शब्दाचे तुकडे पाडायला तो मच्छिंद्रकडंच शिकला होता. लिहितावाचता येत नसलं तरी शंभरेक इंग्रजी शब्द त्याला तुकड्यांत येत, अर्थ एकाचाही नाही. वर्षापूर्वी त्यानं वेगळी टोळी काढली होती. सोमवारी तो ढिगारा काढायला उतरणार होता. पहिली पहार तोच मारणार. मुकादमानं पहिली पहार स्वतः मारायची, ही महांतप्पाची रीत.

मच्छिंद्रला आता दोनच गोष्टी दिसत होत्या. सांगितलं तर आपलं नाव जातं. बारा वर्षं विहिरीत जिवंत बार ठेवून गप्प बसलेल्या माणसाला कोण काम देईल? नाही सांगितलं तर बलभीम जातो. तिसरी एक वाट त्यानं शोधली. खाली उतरून आधी स्वतः बघायचं. पाचवं भोक फुटलेलं निघालं तर कुणाला काही सांगायचं कारणच उरणार नाही.

शनिवारी सकाळी तो दोर, दोन पाट्या आणि लाकडी खुंटी घेऊन माळावर गेला. ठिणगी नको म्हणून लोखंड घेतलं नाही. दोर धरायला चांगुणाला नेलं. फांद्या बाजूला करून त्यानं दोर लिंबाला बांधला.

"कशाला उतरताय?" चांगुणानं विचारलं.

तेव्हा त्यानं तिला सांगितलं. सगळं. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "बलभीमला सांगा."

"बघून सांगतो."

"आन बघतानाच झालं तर?"

तो उतरला. पंचेचाळीस फूट. तळाला हवा जड होती आणि गार होती, वर एवढं ऊन असून. त्यानं उत्तरेची कड धरली आणि चार फूट लांब, चार फूट रुंद एवढी जागा मनात आखली. मग हातानं दगड उचलायला लागला. एकेक. ओढायचा नाही, ढकलायचा नाही, आपटायचा नाही. दोन्ही हातांनी उचलायचा, चालत दक्षिणेकडं न्यायचा आणि अंडं ठेवावं तसा ठेवायचा. बारीक चुरा पाटीत भरायचा. तासाभरात बोटांची टोकं सोलली. दुपारपर्यंत दोन फूट खाली गेला. त्याचा अंदाज होता, तीन फुटांवर जुना तळ लागेल.

एक वाजायला आला असेल. उन्हाची तिरीप तळापर्यंत पोहोचली होती. तो दगड हातात घेऊन उभा असताना त्याच्या मागून, अगदी खांद्याजवळून, आवाज आला. इ. तो वळला नाही. वळला तर हातातला दगड पडेल, एवढं त्याला कळलं. सहा श्वास गेले. त्यानं मोजले. लेक्. पाच श्वास. ट्रि. सि. मग त्याच्या स्वतःच्या तोंडात जीभ वर उचलली गेली आणि टाळूला चिकटली. पुढचा तुकडा बोलायला. त्यानं दात घट्ट मिटले. जीभ तशीच दाबून धरली. किती वेळ, कोण जाणे. उन्हाची तिरीप भिंतीवर वीतभर सरकली, तेव्हा ती सुटली.

वर पाहिलं तर काठावर चांगुणा नव्हती. बलभीमचं डोकं दिसलं. ती त्याला बोलवायला गेली होती.

"दादा," बलभीमनं हाक मारली, "वर या."

"आलो. दोन पाट्या राहिल्यात."

"वैनीनं सांगितलं मला. वर या तुमी."

"तू काठावरनं माघं सर. आन गप ऱ्हा."

बलभीम मागं सरला नाही, पण गप्प राहिला. मच्छिंद्रनं उरलेला चुरा मुठीमुठीनं काढला. जुना तळ लागला. काळा, सपाट. त्यात बोटभर रुंदीचं गोल भोक, तोंडाशी ठासलेली माती जशीच्या तशी. वातीचं टोक वीतभर जळून काळं पडलेलं आणि तिथंच, वरून एक चपटा दगड पडून, चेपलेलं. आग तिथं गुदमरली होती. मातीच्या कडेनं तेलकट, तांबूस घाम आला होता. भोकात भरलेलं जिलेटिन, सुरुंगाची दारू, जुनं झालं की त्याला घाम येतो. त्या घामाला धक्का सोसत नाही. वासानं मच्छिंद्रचं कपाळ ठणकायला लागलं.

त्यानं खूप वेळ त्या भोकाकडं पाहिलं. मग दोर धरून वर आला.

"हाय," तो म्हणाला.

बलभीमनं काठावर बसकण मारली. सोमवारी यारी कुठं उभी करायची याची चुन्याची खूण त्यानं आदल्या दिवशीच केली होती. खूण उत्तरेच्या कडेला होती. "माझी पहिली पहार," तो म्हणाला.  मग वर बघून विचारलं, "तुमाला ठावं व्हतं?"

"ठावं नव्हतं. ठावं न्हाय, हे ठावं व्हतं."

"तुमी अप्पाला खोटं सांगितलं?"

"जीभ बोलली. म्या आडवली न्हाय. आन माघारी बी घेतली न्हाय."

"आमाला अर्धा तास बशिवत व्हता रोज. मजूर शिव्या द्यायची, म्या तुमच्या बाजूनं भांडायचो." बलभीमनं मान हलवली. "आठ वर्षं, दादा."



जुना बार उपसून काढायचा नसतो. त्याच्या डोक्यावर नवा ठेवून दोन्ही एकदम उडवायचे. बलभीमनं घरून जिलेटिनची कांडी, ती उडवणारी टोपी आणि वात आणली. उतरतो म्हणाला. मच्छिंद्रनं ते काही ऐकलं नाही. वात त्यानं नेहमीच्या दुप्पट लांब कापली, खाली गेला, कांडी भोकावर झोपवली, वरून ओल्या मातीचा गोळा ठेवला. बोटांतून रक्त येत होतं म्हणून माती तांबडी झाली. पेटवून वर आला. चांगुणा आणि बलभीम लिंबामागं होते.

"तू ऐक," मच्छिंद्र बलभीमला म्हणाला. "म्या मोजणार न्हाय." खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं स्वतःचं तोंड करकचून बांधलं.

बार एकच उडाला. पण असा, की लिंबाची पानं गळाली आणि विहिरीतला धोंडा शेंड्याच्या वर जाऊन पलीकडच्या शेतात पडला. टेकडीनं आवाज परत केला. मग शांत झालं. चांगुणानं कानांवर हात ठेवले होते. आवाज गेला, धूर गेला, तरी तिनं ते काढले नाहीत.

"झालं, वैनी," बलभीम म्हणाला.

"व्हय?" ती म्हणाली आणि आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र आणि बलभीम दोघं उतरले. भोकाच्या जागी हातभर खड्डा होता, भोवती तडे गेलेले. तिथून मच्छिंद्र थेट सोसायटीच्या खोलीवर गेला. माणिकप्पासमोर तिघं-चौघं बसले होते. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. त्र्याहत्तरचा दिवस, शब्द, न मोजलेला श्वास, महांतप्पाला दिलेलं उत्तर, सगळं क्रमानं. काही लपवलं नाही, काही सावरूनही घेतलं नाही.

माणिकप्पानं चष्मा काढला. "बारा वर्षं बायका-लेकरं त्या काठानं गेली."

"व्हय."

"म्या तुमच्या दारात आलो, तवा तरी सांगायचं."

"व्हय."

"सोसायटीचं काम तुमाला पुन्हा देता येणार न्हाय, मच्छिंद्रराव."

"देऊ नका," मच्छिंद्र म्हणाला.

बातमी आठवड्यात सगळीकडं गेली. सोनारीची एक आणि येरमाळ्याची दोन कामं त्यानं घेतली होती. लोकांनी तिन्ही परत घेतली. टोळी फुटली. त्यात अन्याय झाला असं त्याला वाटलं नाही. बलभीमनं त्याला भोकं पाडायला ठेवलं, साध्या मजुराच्या पगारावर. मच्छिंद्रनं घण घेतला. चौतीस वर्षांचा माणूस दिवसाला चार फूट भोक पाडतो. तो साडेचार पाडायचा.

लोकांत बसलं की त्याला एक व्हायला लागलं. कुणी बोलता बोलता थांबलं, वाक्य अर्धं सोडलं, तर तो त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राही. ते पुरं झाल्याशिवाय त्याला उठता येत नसे. लोक अवघडायचे. काही जण मुद्दाम अर्धं सोडून बघायचे.

माळावरच्या विहिरीत पहिले बार भरले त्या दिवशी बलभीमनं काठावर दोन माणसं मोजायला उभी केली. एकाचा दुसऱ्याला आधार. शब्द नवा होता, पाच तुकड्यांचा. मच्छिंद्र लांब, बांधावर बसला. बार पाच उडाले. दोघं पाची तुकडे बोलले, मध्ये श्वास गेले, कुठं घाई नाही. मजुरांनी पाट्या उचलल्या आणि दोराकडं निघाले.

मच्छिंद्र उठला नाही. विहिरीकडं मान वळवून तो ऐकत होता.

"चला की, दादा," एक मजूर म्हणाला. "पाच झाले. दोघं सांगत्यात."

"त्येंचा अर्धा तास सुरू झाला," दुसरा म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

बलभीमनं दोर धरला होता. त्यानं मच्छिंद्रकडं पाहिलं. मग दोर सोडून दिला, बांधावर येऊन त्याच्या शेजारी बसला आणि मजुरांना म्हणाला, "पाट्या ठिवा खाली."

"अवो मुकादम, आज दिवस वाया जाईल."

"जाऊ दे."

मजूर कुरकुरत लिंबाखाली टेकले. ऊन विहिरीच्या तोंडावर आलं होतं. एक वाजायच्या सुमाराला मच्छिंद्रच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. बलभीमनं बिडी काढली होती, ती पेटवली नाही. खालून काही आलं की नाही, हे बलभीमला सांगता येत नव्हतं. तो विहिरीकडं बघतच नव्हता. मच्छिंद्रच्या हनुवटीकडं बघत होता. ती हलली नाही.

सावली हातभर सरकली, तेव्हा मच्छिंद्रनं श्वास सोडला.

"आता जावा," तो म्हणाला.

बलभीम उठला आणि दोर धरून पहिला खाली उतरला.